तीन देश फिरलेली रायफल

त्या अकरा दिवसांतला कुठला दिवस कधी संपला आणि दुसरा कधी सुरू झाला, हे मला आता सांगता येत नाही. पाऊस थांबला आणि डोंगरावर धुकं उतरलं, ते उतरलेलंच राहिलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळ्यांचा रंग एकच, धुवून धुवून विरलेल्या सुती साडीसारखा. खाली ओढा इतक्या मोठ्याने वाहत होता की घरात बोलताना आम्ही दोघं नकळत आवाज चढवायचो. मग हळूहळू आम्ही बोलणंच कमी केलं.

आमचं राहतं घर अमेरिकेत, कॅरी गावात. नवरा आयटीत, मी एका औषध कंपनीत. नव्या औषधांच्या चाचण्यांची माहिती तपासायची, चुका शोधायच्या, हे माझं काम. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला गेली तेव्हा घर फार मोठं वाटायला लागलं, आणि आम्ही राज्याच्या पश्चिम टोकाला, डोंगरात, दोन खोल्यांचं एक लाकडी घर घेतलं. पाच तासांचं ड्राइव्ह. लॅपटॉप घेऊन जायचो, आठवडा काढून यायचो. वादळ आलं तेव्हा आम्ही तिथेच होतो. सकाळी उठून पाहिलं तर ओढ्यावरचा पूल नव्हता. वीज नव्हती, फोन नव्हते. गाडी अंगणात उभी होती आणि तिला जायला रस्ता नव्हता.

आमच्याकडे तांदूळ होते, तूरडाळ होती, लोणचं होतं आणि बाहेरच्या शेगडीला अर्धा सिलिंडर गॅस. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तोही संपत आला. त्याच दिवशी धुक्यातून एक काठी दिसली, मग एक पिवळा रेनकोट. चढावरच्या घरात एकट्या राहणाऱ्या बाई होत्या. पंच्याहत्तरी उलटलेली. सगळं आयुष्य शाळेची बस चालवलेली. त्या इथल्याच, पण आम्ही नवराबायको आपसात त्यांना वरच्या काकू म्हणायचो. तोवर आमची ओळख हात हलवण्यापुरती होती.

काकूंनी पिशवीतून काचेच्या दोन बरण्या काढून पायरीवर ठेवल्या. आत तपकिरी रसात मांसाचे तुकडे होते.

"हरीण आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यातलं. शिजलेलंच आहे, फक्त गरम करायचं. आणि ती शेगडी आता सोडा, वर माझ्याकडे लाकडाची चूल आहे. तिकडे येत जा."

आम्ही जायला लागलो. मी त्यांच्या चुलीवर भात लावायची, कांदा परतून त्यात घरचा काळा मसाला आणि बरणीतलं हरीण घालायची. माझ्या माहेरी मांस शिजत नसे. अमेरिकेत आल्यावर मी चिकन खायला लागले होते, तेही सावधपणे. ते हरीण मात्र मी पहिल्या घासाला काही विचार न करता खाल्लं. काकू चमच्याने रस्सा प्यायच्या, डोळ्यांतून पाणी काढायच्या आणि आणखी मागायच्या. एकेक करून त्यांच्या फडताळातल्या बरण्या कमी होत होत्या. मी मनातल्या मनात त्या मोजत होते. त्या मोजत होत्या की नाही, ठाऊक नाही.

चुलीच्या वर भिंतीवर त्यांची रायफल होती. जुनी, लष्करी. त्यांच्या नवऱ्याने तरुणपणी तालुक्याच्या दुकानातून आणलेली. तेव्हा म्हणे लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली पिंपात उभ्या करून विकायला ठेवत, फावडी-कुदळी ठेवतात तशा.

"इतकी वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "एकदाही रुसली नाही. स्क्रूड्रायव्हरने उघडते, चिंधीने पुसली जाते. गरीब माणसाची वस्तू आहे."

अकराव्या दिवशी लष्कराच्या लोकांनी ओढ्यावर तात्पुरता पूल टाकला आणि आम्ही कॅरीला परत आलो. घरी दिवे होते, गरम पाणी होतं. फ्रिज उघडला की दिवा लागायचा. मी कितीतरी दिवस तो उघडून नुसती उभी राहायची. नवरा विचारायचा, "काय हवंय?"  मला सारख्या त्या बरण्या दिसायच्या. आम्ही काकूंचं हिवाळ्याचं अन्न खाऊन आलो होतो.

पुढच्या वेळी डोंगरात गेलो तेव्हा गाडी भरून किराणा नेला. काकूंनी तो ठेवून घेतला, आभार मानले. मी म्हणाले, "मला शिकवाल का? शिकार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत.

"का?"

"पुन्हा रस्ता गेला तर मला फक्त खाणारी व्हायचं नाहीये."

त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाल्या, "आधी कोर्स कर. लायसन्स घे. मग आपण रायफल बघू. नवी घेऊ नकोस, जुनी लष्करी घे. पण आधी गोळी निवडायची, रायफल मग. जी गोळी इथल्या दुकानात कुठल्याही साध्या दिवशी मिळते, तीच. नाहीतर तुझ्याकडे एक महागडी काठी असेल."

मुलीला फोनवर सांगितलं. "आई, आर यू सिरियस?" मी हो म्हटलं. "घरात गन?" मी म्हटलं, डोंगरातल्या घरात, कुलपाच्या लोखंडी कपाटात. तिने तिच्या बाबांना फोनवर बोलावलं. नवरा म्हणाला, "तिने ठरवलंय, यार. मी फक्त ड्रायव्हर." मुलगी रागावली होती आणि पुढे बरेच दिवस रागावलेली राहिली.

कोर्स झाला. उन्हाळा सरत आला होता तेव्हा एका दुपारी काकू आणि मी तालुक्याच्या गावी गेलो. दुकानाचा मालक स्वतःच बंदुका दुरुस्त करायचा. जाडजूड, संथ माणूस, बोटांच्या रेषांत तेल मुरलेलं. मागच्या भिंतीला जुन्या लष्करी रायफली ओळीने टेकवलेल्या होत्या. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती.  एखाद्या स्टेशनवर दूरदूरच्या गावांची माणसं गाडीची वाट बघत उभी असावीत, तशा त्या उभ्या होत्या.

एक रशियन होती, जवळजवळ माझ्या उंचीची. एक स्विस, तिचं लाकूड चांगल्या फर्निचरसारखं. पण तिच्या गोळ्या मागवाव्या लागतात, असं मालक म्हणाला, आणि काकूंनी मान हलवून तिला बाजूला केलं. मग मी ओळीतल्या शेवटच्या रायफलीजवळ आले आणि थांबले. बुटकी, रुंद तोंडाची, काळसर लाकडाची. मुठीजवळच्या पोलादावर बारीक कोरीव मुद्रा होती. मी बोट फिरवलं. तीन सिंह.

"ही इंडियन," मालक म्हणाला. "बंगालमध्ये बनलेली. तुमच्याकडचीच."

मी बोट मुद्रेवरच ठेवलं.

माझे वडील भुसावळजवळच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत वाढलो. सकाळी भोंगा व्हायचा आणि सगळे बाप सायकलींवर एकाच दिशेने जायचे. संध्याकाळी बाबा परत आले की त्यांच्या हातांना पितळेचा वास असायचा, साबणाने दोनदा धुतले तरी. दिवसभर ते रायफलीची काडतुसं उजेडात फिरवून बघायचे. चरा दिसला, पोचा दिसला, की लाल पेटीत. घरीही त्यांची ती सवय सुटायची नाही. बाजारातून आणलेलं प्रत्येक लिंबू ते बोटांत गोल फिरवून बघत.

खंडेनवमीला कारखाना घरच्या मंडळींसाठी उघडा असायचा. यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, खाली सांडलेल्या नारळाच्या पाण्यात पाय चिकटायचे. मी सातवी-आठवीत असेन. बाबांनी मला त्यांच्या टेबलाशी नेलं आणि पोलादाची दोन मापं दाखवली. "ह्यात काडतूस गेलं पाहिजे," ते म्हणाले, "आणि ह्यात जाता कामा नये. एवढंच माझं काम." मी विचारलं, थोडंसंच गेलं तर? ते म्हणाले, "थोडंसं असं काही नसतं. दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी गाल असतो रायफलीच्या लाकडाला टेकलेला."

बाबांनी तपासलेली काडतुसं ज्या रायफलींत जायची, त्यांतलीच ही एक. ती कुठून कुठून फिरत इथे आली होती, आणि मीही. मी ती उचलली. जड होती. गालाशी लाकूड थंड लागलं आणि मला त्या दुकानात, त्या उन्हात, कॉलनीतला रॉकेलचा आणि ओल्या मातीचा वास आला. मी मालकाला म्हटलं, "हीच."

"बरोबर आहे की नाही ते तरी बघू," काकू म्हणाल्या.

मालकाने रायफल टेबलावर घेतली. नळीतून दिवा दाखवला. आत वळणावळणाच्या रेषा स्वच्छ चमकत होत्या. लाकडाला तडा नव्हता. मला वाटलं, झालं. मग त्याने खणातून एक छोटी लाकडी पेटी काढली. पेटीत काडतुसाच्या आकाराचे पोलादाचे तीन तुकडे होते, एकापेक्षा एक केसभर लांब.

"पहिल्यावर हा खटका, गोळी आत ढकलणारा दांडा, बंद व्हायला हवा," तो म्हणाला. "दुसऱ्यावर शक्यतो नको. तिसऱ्यावर तर अजिबातच नाही."

पहिल्यावर झाला. दुसऱ्यावर झाला. तिसरा तुकडा आत घालून त्याने दोन बोटांनी खटका पुढे ढकलला, आणि तो लोण्यात सुरी जावी तसा खाली बसला.

मालकाने चष्मा काढला. "गोळी बसते तिथली जागा झिजलीय. सैल आहे. एखादे वेळी काडतूस आतच फाटेल. ह्याचे भाग मिळतात कधीकधी, मी शोधून बघेन, पण शब्द देत नाही. नाहीतर भिंतीवर लावायला छान आहे. तशी हवी असेल तर स्वस्तात देतो."

 मला ती भिंतीवरही हवी होती, हे खरं आहे. मी मुद्रेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. पण बाबांनी हिचं काय केलं असतं, ह्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती. ते क्षणभरही थांबले नसते. वाईट वाटलं असतं, पण तो विचार त्यांनी सायकलवरून घरी येताना केला असता.

"नको," मी म्हणाले. "ठेवून द्या."

ती पुन्हा भिंतीशी गेली. मला रडू आलं, ते मी खिडकीकडे तोंड करून आवरलं. मालक समजूतदार होता, तो आत जाऊन काहीतरी शोधत राहिला.

मग काकूंनीच दुसरी एक ओढून बाहेर काढली. दिसायला ओंगळ. साठवणीचं तपकिरी ग्रीस तिच्यावर गुळाच्या पाकासारखं थिजलेलं, दस्त्यावर खोक पडलेली, आणि कुणा सैनिकाने चाकूने कोरलेलं नखाएवढं झाड. मालकाने सांगितलं ते असं: बनलेली ऑस्ट्रियात, गेली चिलीच्या लष्करात, तिथे तिची नळी बदलून बाबा तपासायचे त्याच काडतुसांच्या मापाची घातली, आणि मोडीत निघाल्यावर ती इकडे आली. त्या मापाच्या शिकारीच्या गोळ्या, त्यातल्याही जरा कमी जोराच्या, त्याच्याकडे नेहमी असतात. मापं घातली. पहिल्यावर खटका बंद झाला. दुसऱ्यावर अडला. त्याने जरा जोर लावला, तरी अडलाच.

"खटक्यावरचा नंबर आणि अंगावरचा नंबर एकच आहे का बघ," काकू म्हणाल्या.

"तुम्हीच बघा ना," मी ग्रीस पुसून रायफल त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती हातात घेतली, उन्हात नेली, डोळ्यांजवळ आणली, लांब धरली. मग माझ्याकडे परत दिली. "तूच वाच, हनी."

नंबर मोठे होते. माझ्या वयाच्या बाईलाही चष्म्याशिवाय दिसतील एवढे. मी ते मोठ्याने वाचले आणि दोन्ही जुळले. परतताना गाडीत मी विचारलं, "डोळ्यांचं कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. मधोमध धुरकट दिसतं, कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणतात, आता एवढंच राहील." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "तुम्ही खाल्लंत ते माझं शेवटचं हरीण. ते जवळजवळ अंगणात आलं होतं म्हणून जमलं."

रस्ता वळत वळत वर जात होता. 

रायफल स्वच्छ करायला तीन दिवस लागले. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती अंगणात उन्हात ठेवायची, ग्रीस वितळून लाकडातून घामासारखं बाहेर यायचं, मग चिंध्या. नवरा माझा हेअर ड्रायर घेऊन फटीफटीतून ग्रीस काढत बसायचा, हेडफोन लावून ऑफिसचे कॉल ऐकत. तिसऱ्या दिवशी लाकडाचा खरा रंग दिसला, मधासारखा. सरावासाठी काकूंच्या मागच्या उतारावर मातीचा उंच बांध होता. त्या माझ्या मागे उभ्या राहून नुसतं ऐकायच्या. "श्वास धरलास," म्हणायच्या. किंवा, "आता बरा सोडलास." माझा खांदा काळानिळा झाला. नवरा रोज संध्याकाळी त्यावर हळद लावायचा आणि म्हणायचा, "डॉक्टरला काय सांगणार आहेस?"

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. पहिल्या पाच सकाळी मी काकूंच्या रानात एका ओकच्या बुंध्याला टेकून बसले आणि काहीच केलं नाही. नारिंगी जाकीट, मांडीवर रायफल. अंधार हळूहळू राखाडी व्हायचा, राखाडीतून झाडं एकेक करून बाहेर यायची. तिथे बसलं की आपण जागे आहोत की नाही हे कळेनासं व्हायचं. पानं पडण्याचा आवाज माणसाच्या चालण्यासारखा यायचा. कितीदा तरी मला वाटलं, कुणीतरी ओळखीचं चालत येतंय. तिसऱ्या दिवशी एक हरणी आली, पंधरा पावलांवर उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि गेली. मी रायफल उचललीसुद्धा नाही. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असं होतं." एवढंच.

सहाव्या सकाळी दुसरी आली. मोठी, एकटी, मागे पाडस नाही. ती खाली मान घालून ओकची फळं खात होती. मी रायफल उचलली, गाल लाकडाला टेकवला. मला आठवतं ते फक्त एवढंच की सगळं अतिशय शांत होतं आणि मला माझा श्वास बाहेर जाताना ऐकू आला. मग आवाज झाला, तो मी ऐकला नाही. हरणी उडी मारून झुडपांत शिरली आणि रान पुन्हा होतं तसं झालं.

कोर्समध्ये शिकवलं होतं, थांबायचं. मी थांबले. हात काखेत धरून बसले. मग खटका उघडून उरलेल्या गोळ्या बाहेर काढल्या आणि गेले. ती चाळीस पावलांवर पडली होती, डोळे उघडे, अंग अजून गरम. एकच जखम, खांद्यामागे. मी तिच्या मानेवर हात ठेवून गुडघ्यांवर बसले. वाईट वाटत होतं आणि ते वाटणं मला दूर सारायचं नव्हतं. आनंदही होता, तोही खोटा नव्हता. दोन्ही एकाच वेळी इतकी शांतपणे असतील हे मला आधी माहीत नव्हतं.

काकू काठी टेकत आवाजाच्या दिशेने आल्या. खाली बसून त्यांनी हरणीच्या अंगावरून हात फिरवला, जखम बोटांनी शोधली. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "तिला कळलं नसेल." मग त्यांनी मला हरीण कसं सोलायचं ते सांगितलं, न बघता, नुसतं बोटांनी दाखवत. सुरी कुठून धरायची, कुठे हलकी ठेवायची. नवरा येऊन उभा राहिला आणि मध्येच झाडामागे जाऊन ओकून आला. मग बाह्या सरसावून मदतीला लागला.

दोन दिवस काकूंच्या चुलीवर बरण्या शिजवायचा मोठा कुकर शिट्या न देता नुसता सुसकारत होता. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. बावीस बरण्या झाल्या. आठ बरण्यांत मी काळा मसाला घातला, त्यांच्याच सांगण्यावरून. झाकणांवर नवऱ्याने जाड पेनने एवढी मोठी अक्षरं काढली की काकू हसल्या. थँक्सगिव्हिंगला मुलगी आली. तिने रायफल बघायला नकार दिला. काकूंच्या घरी जेवायला मात्र आली, आणि भाताबरोबर दोनदा रस्सा वाढून घेतला. जाताना म्हणाली, "आय स्टिल डोन्ट लाइक इट, आई." मी म्हटलं, चालेल.

ह्या वर्षी काकूही माझ्याबरोबर बसायला येतात. रायफल माझ्याकडे, त्यांच्याकडे थर्मास. त्यांना दिसत नाही ते ऐकू येतं. परवा त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला, डावीकडे बोट केलं. कितीतरी वेळाने मला तिथे दोन कान दिसले. मागे एक लहान होतं. मी कानात सांगितलं, "पिल्लू आहे." त्यांनी मान हलवली आणि पाठ झाडाला टेकली. हरणं खात खात उताराने खाली गेली. ऊन वर आलं. थोड्या वेळाने काकूंचं डोकं माझ्या खांद्यावर कललं, त्यांना झोप लागली होती. मी सावकाश खटका उघडला, गोळ्या खिशात टाकल्या आणि त्या जाग्या होईपर्यंत तशीच बसून राहिले.